हार्नेस घातला तरी टफी खोकतो, मग नेमकं बघायचं काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. टफी हा सहा वर्षांचा पॉमेरेनियन, वजन साडेसहा किलो. गळ्यातल्या पट्ट्याने फिरवताना खोकायचा म्हणून घरच्यांनी हार्नेस, म्हणजे गळ्याऐवजी छातीभोवती बसणारे पट्टे, आणला. तरीही लीश (हातात धरायची दोरी) ताणली की खोकला येतोच. उबळ संपता संपता ओकारी काढल्यासारखं करतो, कधी थोडा पांढरा फेस पडतो. घरात मात्र खातो, पितो, खेळतो. दुकानदार म्हणतात, दुसऱ्या प्रकारचा हार्नेस घ्या. शेजारचे काका म्हणतात, घशात हाड अडकलं असणार.

हाडाचं आधी निकालात काढतो, कारण त्या भीतीपोटी लोक कुत्र्याच्या घशात बोटं घालतात आणि नसती इजा होते. हाड अडकलेलं कुत्रं फक्त फिरताना खोकत नाही. त्याची लाळ गळत राहते, ते पंजाने तोंड खाजवतं, गिळताना मान ताणतं, जेवण टाकतं. टफी घरात व्यवस्थित जेवतोय. शेवटी येणारी ती ओकारीही पोटातून आलेली नाही. छोट्या कुत्र्यांमध्ये खोकल्याची उबळ बरेचदा अशीच संपते, घशातला कफ आणि लाळ फेसाच्या रूपाने बाहेर येते. 'सारखा उलट्या करतो' म्हणून ज्यांना पित्ताच्या गोळ्या चालू असतात, त्यातल्या कितीतरी कुत्र्यांना खरं तर खोकला असतो.

आता मुद्द्यावर येतो. नवा हार्नेस विकत घ्यायच्या आधी हा खोकला कसला आहे ते ठरवा. गळ्यातला पट्टा होता तोवर सगळा दोष पट्ट्यावर टाकता येत होता. हार्नेसनंतर दोनच शक्यता उरतात. एक, हार्नेस ताणला गेल्यावर त्याचा पट्टा वर सरकून पुन्हा गळ्यावरच दाबतोय. दोन, गळ्यावर दाब नसतानाही खोकला येतोय, म्हणजे श्वासनलिका, हृदय किंवा फुप्फुसं यांच्यात काहीतरी आहे. पहिली शक्यता घरी पाच मिनिटांत तपासता येते. तिथूनच सुरुवात करा.

टफीला हार्नेस घालून टेबलावर नाही, जमिनीवर उभं करा. मानेच्या पुढच्या बाजूने बोट खाली खाली नेलं की मान संपते तिथे एक मऊ खळगा लागतो आणि त्याच्या लगेच खाली हाडाचं टणक टोक. छातीच्या मधल्या हाडाचं ते वरचं टोक. हार्नेसचा पुढचा पट्टा त्या टणक टोकावर किंवा त्याच्या खाली टेकला पाहिजे, खळग्यात नाही. खळग्यात थेट श्वासनलिका आहे. पॉमेरेनियनच्या मानेभोवती केसांची एवढी दाट झालर असते की नुसतं बघून काही कळत नाही, केस बाजूला सारून बोटानेच चाचपावं लागतं.

एवढ्यावर थांबू नका, कारण उभं असताना नीट बसलेला हार्नेस ओढताना कुठे जातो हे महत्त्वाचं आहे. घरातल्या एकाला पुढे खाऊ घेऊन बसवा, दुसऱ्याने लीश नेहमीच्या उंचीवर धरावी आणि तिसऱ्याने जमिनीलगत बसून बाजूने मोबाइलवर व्हिडिओ काढावा. टफी पुढे झेपावला की काय होतं ते व्हिडिओ थांबवून बघा. बऱ्याच घरांत हे पाहिल्यावर लोक चकित होतात. छातीवरचा पट्टा तीन-चार बोटं वर चढून थेट गळ्याशी आलेला असतो, आणि पोटाखालचा पट्टा काखेत रुतलेला.

हे छोट्या कुत्र्यांतच जास्त का होतं, याचं साधं गणित आहे. उभ्या माणसाचा हात जमिनीपासून साधारण ७५ सेंटीमीटरवर असतो आणि टफीची पाठ २५ सेंटीमीटरवर. मधलं अंतर ५० सेंटीमीटर. लीश एक मीटरची असेल तर ताणल्यावर ती जमिनीशी ३० अंशांचा कोन करते, म्हणजे ओढ बरीचशी वरच्या दिशेने लागते आणि हार्नेस अंगावरून वर उचलला जातो. तीच लीश दोन मीटरची घेतली तर कोन १५ अंशांच्याही आत येतो. लॅब्राडॉरची पाठ मुळातच उंच असल्यामुळे त्याला हा त्रास होत नाही. म्हणून टफीसाठी दोन मीटरची, हलकी, पातळ लीश घ्या. जाड साखळी नको, तिचं नुसतं वजनच हार्नेस खेचतं. बटण दाबून आपोआप गुंडाळली जाणारी लीशही नको. ती कायम थोडी ताणलेली राहते, त्यामुळे पुढे जायचं तर ताण द्यायचाच असतो हे कुत्रा शिकतो.

हार्नेसच्या आकाराबद्दल. समोरून पाहिल्यावर इंग्रजी वाय अक्षरासारखा दिसणारा, म्हणजे दोन खांद्यांवरून येणारे पट्टे छातीच्या हाडावर एकत्र होऊन पुढच्या पायांमधून खाली जाणारा हार्नेस या कुत्र्यांना सगळ्यात चांगला. पायांमधून गेलेला तो पट्टाच पुढचा भाग वर सरकू देत नाही. छातीवरून नुसता आडवा पट्टा असलेले हार्नेस हमखास वर चढतात. जाळीदार जाकीटासारखे हार्नेस दिसायला मऊ असतात, पण त्यातल्या अनेकांचा गळा उंच कापलेला असतो आणि पॉमेरेनियनच्या केसांवर उन्हाळ्यात तो आणखी एक थर होतो. समोर छातीवर कडी असलेले 'ओढू न देणारे' हार्नेस मोठ्या कुत्र्यांना उपयोगी पडतात. चार-सहा किलोच्या कुत्र्यावर मात्र ते एका बाजूला फिरतात आणि एक पट्टा तिरका होऊन गळ्यावर येतो. टफीसाठी पाठीवरची कडी वापरा, आणि ती मानेजवळ नसून खांद्याच्या हाडांच्या मागे, बरगड्यांवर असेल असं बघा.

माप केसांवरून घेऊ नका. सुतळी केसांखालून फिरवून छातीचा सगळ्यात रुंद घेर आणि मानेच्या बुडाचा घेर असे दोन्ही मोजा आणि दुकानात आकडा घेऊन जा. 'स्मॉल', 'एक्स्ट्रा स्मॉल' या चिठ्ठ्यांना अर्थ नाही. पट्ट्याखाली दोन बोटं सपाट जावीत, फार लहान कुत्र्यात एक. पोटाचा पट्टा कोपरामागे दोन बोटं अंतर सोडून असावा. तो सैल असेल तर पुढचा भाग सरकतो आणि फार घट्ट असेल तर छाती फुगायला जागा राहत नाही. घरी आल्यावर हार्नेस काढून ठेवा. पावसाळ्यात ओल्या केसांवर तो तसाच राहिला की काखेत गुठळ्या आणि जखमा होतात. नावाची किंवा रेबीज लसीची चकती हलक्या सैल पट्ट्यात गळ्यात राहिली तर हरकत नाही, फक्त त्या पट्ट्याला लीश लावायची नाही.

हे सगळं नीट केल्यावरही खोकला राहिला तर दुसरी शक्यता धरून चालायची. सहा वर्षांचा, जरा भरलेल्या अंगाचा पॉमेरेनियन उत्तेजित झाल्यावर किंवा ओढताना खोकतो, असं ऐकल्यावर कोणत्याही पशुवैद्याच्या मनात पहिलं नाव येतं ते श्वासनलिका दबण्याच्या आजाराचं, ट्रेकिअल कोलॅप्सचं. यॉर्कशायर टेरिअर, पॉमेरेनियन, चिवावा, टॉय पूडल, माल्टीज अशा छोट्या जातींत तो जास्त दिसतो.

श्वासनलिका कूर्चेच्या, म्हणजे लवचिक मऊ हाडाच्या, कड्यांनी उघडी राहते. या कड्या पूर्ण गोल नसतात, इंग्रजी सी अक्षरासारख्या असतात आणि पाठीकडची मोकळी बाजू स्नायूच्या पातळ पडद्याने बंद केलेली असते. या आजारात कूर्चेतली पाणी धरून ठेवणारी द्रव्यं कमी होतात, कड्या मऊ पडून चपट्या होतात आणि तो पडदा ताणून आतल्या पोकळीत लोंबतो. भिंत भिंतीला लागली की आतलं अस्तर चिडतं आणि खोकला येतो. खोकल्याने अस्तर आणखी सुजतं, मग आणखी खोकला. आवाज कोरडा, मोठा, बदकाच्या ओरडण्यासारखा असतो. उत्साह, भुंकणं, उकाडा, पाणी पिणं आणि गळ्यावरची ओढ ही याची नेहमीची निमित्तं.

हार्नेसने हा खोकला थांबत का नाही, ते इथे कळतं. मानेतल्या भागात नलिका श्वास आत घेताना दबते, कारण तेव्हा आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो. छातीतल्या भागात उलट होतं. जोराने श्वास सोडताना, भुंकताना, खोकताना छातीतला दाब वाढतो आणि तो नलिकेला बाहेरून दाबतो. टफी समोरच्या कुत्र्याकडे झेपावत, धापा टाकत, भुंकत असतो तेव्हा हे सगळं एकाच वेळी चालू असतं. हार्नेस बाहेरून मानेवर येणारा दाब काढतो, आणि तो काढणं गरजेचंच आहे. पण श्वासाचा हा आतला दाब कोणताही हार्नेस काढू शकत नाही. म्हणून चार दुकानांतले चार हार्नेस पालटून फरक पडत नाही.

प्रत्येक खोकला याच आजाराचा असतो असं मात्र नाही. सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो उलट्या शिंकेचा. कुत्रं एकदम थबकतं, कोपरं बाहेर काढून मान पुढे ताणतं आणि नाकाने 'फुर्र फुर्र' करत जोरात हवा आत ओढतं. अर्ध्या-एक मिनिटात सगळं शांत, जणू काही झालंच नाही. यात आवाज हवा आत घेताना येतो, खोकल्यात बाहेर टाकताना. ही शिंक क्वचित, थोडा वेळ येत असेल तर बहुधा निरुपद्रवी असते. पग, शिह त्झू अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांत बारीक नाकपुड्या आणि टाळूचा लांब मऊ भाग यामुळे घोरल्यासारखा आवाज येतो, त्याची तपासणी वेगळी. गेल्या पंधरा दिवसांत टफी बोर्डिंगमध्ये, ग्रूमिंगला किंवा कुत्र्यांच्या गर्दीत गेला असेल तर केनेल कफ हा संसर्गही डोक्यात ठेवा. तो अचानक सुरू होतो, रात्रंदिवस येतो आणि दोन-तीन आठवड्यांत ओसरतो. तोवर इतर कुत्र्यांपासून लांब ठेवणं ही आपली जबाबदारी.

हृदयाबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं. छोट्या जातींत वय वाढेल तशी हृदयाची डावी झडप जाड होते, नीट मिटत नाही आणि रक्त उलटं फिरतं. त्या उलट्या रक्ताचा आवाज, म्हणजे मर्मर, डॉक्टरांना स्टेथोस्कोपने ऐकू येतो. डावा वरचा कप्पा मोठा झाला की तो मुख्य श्वासवाहिनीवर दाबतो आणि खोकला येतो. पण मर्मर आहे आणि खोकलाही आहे, एवढ्यावरून हृदय निकामी झालं असं ठरत नाही. मर्मर असलेल्या कितीतरी कुत्र्यांचा खोकला श्वासनलिकेचाच असतो आणि त्यांना विनाकारण लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू केल्या जातात. हे मला फार खटकतं. फुप्फुसात पाणी झालेलं ओळखण्याची सोपी खूण खोकल्यात नसून श्वासात आहे. टफी गाढ झोपलेला असताना एक मिनिट घड्याळ लावून छाती किती वेळा वर-खाली होते ते मोजा. धापा टाकताना किंवा स्वप्नात पाय हलवताना मोजू नका. आकडा ३० च्या खाली असेल तर चांगलं. रोज लिहून ठेवा. तो सतत ३० च्या वर जाऊ लागला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

मर्मर सापडला तर छातीचा एक्स-रे आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्या. कारण हृदय वाढलेलं आहे पण अजून निकामी झालेलं नाही, अशा टप्प्यावर पिमोबेंडन हे हृदयाचं औषध सुरू केल्याचा खरा फायदा होतो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'एपिक' अभ्यासात या औषधाने पुढचा टप्पा, म्हणजे हृदय निकामी होणं, सरासरी सव्वा वर्ष लांबला होता. औषध सुरू करायचा तो आधीचा टप्पा नुसत्या कानाने ओळखता येत नाही. तुमच्या गावी इकोची सोय नसेल तर परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय किंवा नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांपैकी जवळचं कुठलं ते बघून आधी फोन करून विचारा.

दवाखान्यात जाताना खोकल्याचा व्हिडिओ आवाजासकट न्या. टेबलावर घाबरलेलं कुत्रं खोकतच नाही, आणि 'खोकतो' या तक्रारीत पाच वेगळे आवाज येतात. हार्नेसही घेऊन जा. डॉक्टर गळ्याशी हलकं दाबून खोकला येतो का ते बघतील. ते घरी करून बघू नका, चिडलेल्या नलिकेला त्रासच होतो. एक्स-रे मानेचा आणि छातीचा, शक्यतो श्वास आत घेतलेला आणि सोडलेला असे दोन्ही घ्यायला सांगा. नलिका क्षणभर दबते आणि पुन्हा उघडते, त्यामुळे एका फिल्ममध्ये ती सुटू शकते. 'एक्स-रे नॉर्मल आहे' म्हणजे आजार नाही, असं होत नाही. फ्लुरोस्कोपी (हलता एक्स-रे) किंवा दुर्बिणीच्या तपासणीत ती हलताना दिसते. तिथे १९८२ पासून वापरात असलेल्या चार पायऱ्या लावतात. पहिल्या पायरीत पोकळी साधारण २५ टक्के कमी झालेली असते, दुसरीत ५०, तिसरीत ७५ आणि चौथीत जवळजवळ बंद.

निदान ऐकून घाबरू नका. बहुतेक कुत्री औषधं आणि घरातल्या बदलांवर वर्षानुवर्षं चांगली राहतात. खोकला दाबणारं योग्य औषध, सूज कमी करायला थोड्या दिवसांचं स्टेरॉइड, काहींना श्वासवाहिन्या सैल करणारं औषध, अशी मांडणी असते. स्टेरॉइड लांबवू नका. त्याने भूक वाढते, वजन वाढतं, धाप वाढते आणि आपण फिरून जिथे होतो तिथेच येतो. नलिकेत स्टेंट (ती उघडी ठेवणारी जाळीदार नळी) घालणं हे औषधं थकल्यावरचं पाऊल आहे, त्याचे स्वतःचे धोके आहेत. घरातलं माणसांचं कफ सिरप, सर्दीची गोळी अजिबात नको. पॅरासिटामॉल किंवा झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात ते गोड द्रव्य) असलेलं औषध कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतं.

औषधाइतकंच काम वजन कमी केल्याने होतं. मानेत आणि छातीत साठलेली चरबी नलिकेवर बाहेरून दाबते, पोटातली चरबी श्वासपटल नीट हलू देत नाही. इथे एक सांगतो. आपल्याकडे ज्यांना पॉमेरेनियन म्हणतात त्यातले पुष्कळसे इंडियन स्पिट्झ असतात. खरा पॉमेरेनियन साडेतीन किलोच्या आतला, छोटा इंडियन स्पिट्झ पाच ते सात किलोचा. त्यामुळे इंटरनेटवरच्या तक्त्याशी टफीचे साडेसहा किलो ताडून उपयोग नाही. केसांतून हात घालून बरगड्या चाचपा. हलक्या हाताला त्या मोजता आल्या पाहिजेत आणि वरून पाहिल्यावर कंबर दिसली पाहिजे. ओल्या केसांत, आंघोळीच्या वेळी हे स्पष्ट कळतं. त्या लागत नसतील तर आधी चहाबरोबरची ग्लुकोज बिस्किटं, तुपाचा हात लावलेली पोळी आणि आजोबांच्या ताटातला घास बंद करा. घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. अशा घरांत जेवणाच्या भांड्यापेक्षा ताटाशेजारी मिळणारं खाणंच जास्त असतं.

धूर हा दुसरा शत्रू. डासांची कॉइल, धूप, अगरबत्ती, सिगारेट, मिरचीच्या फोडणीचा ठसका या सगळ्यांनी आपल्यालाही खोकला येतो, आणि टफीचं नाक तर जमिनीलगत असतं. देवघरात दिवा लावा, उदबत्ती टफी दुसऱ्या खोलीत असताना लावा. दिवाळीच्या चार दिवसांत संध्याकाळी खिडक्या बंद ठेवा आणि फिरणं पहाटे उरका. एप्रिल-मेमध्येही तसंच. कुत्रं धापा टाकूनच अंग गार करतं आणि धापा म्हणजे नलिकेची प्रत्येक श्वासाला ओढाताण. सकाळी सातच्या आत आणि रात्री रस्ता निवल्यावरच बाहेर काढा.

आता राहिलं ओढणं. ओढणं थांबलं तर अर्धा त्रास तिथेच संपतो, आणि सहा वर्षांचं कुत्रंही हे शिकतं. सुरुवात रस्त्यावर करू नका, जिन्यात किंवा गच्चीवर करा. लीश ताणली की तुम्ही थांबायचं. मागे खेचायचं नाही, ओरडायचं नाही. टफीने वळून पाहिलं किंवा लीश सैल झाली की त्याच क्षणी उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा तुमच्या पायाशी द्यायचा आणि मग पुढे चालायचं. एकाने थांबायचं आणि दुसऱ्याने ओढू द्यायचं असं घरात झालं तर शिकवणी वाया जाते. सोसायटीच्या गेटवर गल्लीतली कुत्री बसलेली असतात आणि टफी तिथेच बेभान होत असेल, तर तेवढा टप्पा त्याला छातीखाली आणि मागच्या पायांखाली हात देऊन उचलून न्या. हार्नेसला धरून लोंबकळत उचलू नका. नाकावरून जाणारे हॉल्टर, आवळणारे पट्टे या कुत्र्यांना कधीच नकोत, एका झटक्यात मान वळते.

उबळ आली तर उकिडवे बसा, लीश पूर्ण सैल सोडा, छातीवर हात ठेवून हळू आवाजात बोला. पाठीत थोपटणं, तोंडात पाणी ओतणं, उचलून हलवणं यांनी ती वाढते. हिरड्या किंवा जीभ जांभळट दिसली, कुत्रं कोसळलं, मान ताणून पोटाने श्वास घेऊ लागलं किंवा विश्रांतीतही धाप थांबेना, तर गाडीतला एसी लावून त्याला कमीत कमी हात लावत थेट दवाखाना गाठा. निघतानाच फोन करा म्हणजे ते ऑक्सिजन तयार ठेवतील.

टफीच्या बाबतीत क्रम असा ठेवा. आज संध्याकाळी हार्नेसचा व्हिडिओ, रात्री झोपेतले श्वास, आणि या आठवड्यातच डॉक्टरांची वेळ. हार्नेस नीट बसवल्यावर खोकला पूर्ण थांबला तरी ती वेळ रद्द करू नका. सहाव्या वर्षी छोट्या कुत्र्याच्या हृदयाला एकदा स्टेथोस्कोप लागायलाच हवा.